सुलतानाचे स्वप्न आणि आपल्या मुलींची शाळा

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



चिटणीस साहेबांनी मला या समारंभाचे निमंत्रण दिले तेव्हा विषयही ठरवून दिला होता. ‘विद्यार्थी आणि अवांतर वाचन’. आता या विषयावर निवृत्त शिक्षक काय बोलणार हे श्रोत्यांना आधीच ठाऊक असते. थोर पुरुषांची चरित्रे वाचा, वर्तमानपत्र वाचा, वेळ वाया घालवू नका, असे सांगून तो खाली बसतो आणि मग टाळ्या पडतात. त्या टाळ्या भाषणासाठी असतात की तो खाली बसला म्हणून असतात, हे मला तीस वर्षांच्या नोकरीत नीटसे कळले नाही.

म्हणून आज मी थोडा वाट सोडून चालणार आहे. शाळेत असताना पालक माझ्याकडे एक तक्रार हमखास घेऊन येत. “मास्तर, पोरगं अभ्यास सोडून गोष्टीची पुस्तकं वाचतंय. एकटंच हसतंय. जरा समजावून सांगा.” हल्ली ही तक्रार मोबाईलची झाली आहे, मुलगा पुस्तक वाचून हसला तर पालक शाळेत पेढे आणून देतील अशी वेळ आली आहे. परंतु मूळ शंका तीच आहे. हसवणारे आणि कल्पनेतले जे असते, ते फुकटचे. त्यातून मार्क मिळत नाहीत, नोकरी मिळत नाही. या शंकेला उत्तर म्हणून मी आज आपल्याला एका गोष्टीचीच गोष्ट सांगणार आहे. ती विनोदी आहे, कल्पनेतली आहे, आणि तिच्यातला सर्वांत मोठा पराक्रम एका कॉलेजच्या प्रिन्सिपॉल बाईंनी केलेला आहे.

मराठीत विनोदाला आणि कल्पनेला तोटा नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या विद्वान पंडिताने ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणायला घेतल्या. शहराजाद आणि सिंदबाद मराठी घराघरांत पोहोचले ते त्यामुळे. कॉलेजच्या जीवनावर म्हणाल तर भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली आली. खेड्यातून पुण्याच्या कॉलेजात गेलेल्या पांडुरंग सांगवीकराची ती कहाणी. मी त्याच सुमारास कॉलेजात शिकत होतो. वसतिगृहात तिची एकच प्रत होती आणि ती वाचण्यासाठी नंबर लागत असे. खानावळ, स्नेहसंमेलन, परीक्षा यांची त्यात उडवलेली टर वाचून आम्ही पोट धरून हसत होतो. पुढे पांडुरंगाची धाकटी बहीण मनी जाते ते पान आले की सगळी खोली गप्प होई. नेमाडे सरांनी पुढे काही काळ आपल्या नगरलाही अध्यापन केले. हसता हसता माणूस गंभीर कसा होतो, हे मी प्रथम त्या पुस्तकात पाहिले.

परंतु विनोद, कल्पना आणि कॉलेज या तिन्ही गोष्टी एकत्र शोधायच्या तर आपल्याला आणखी मागे, १९०५ सालापर्यंत जावे लागते. त्या वर्षी मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’ या इंग्रजी मासिकात ‘सुलतानाज ड्रीम’ नावाची एक कथा छापून आली. १९०८ साली ती छोट्या पुस्तकाच्या रूपानेही निघाली. मराठीत आपण तिला ‘सुलतानाचे स्वप्न’ म्हणू. मात्र हे स्वप्न सुलतान नावाच्या कोणा बादशहाचे नव्हे, तर सुलताना नावाच्या एका बाईचे आहे. लिहिणारी होती बेगम रुकय्या सखावत हुसेन; बंगालीत तिला रोकेया म्हणतात. त्या वेळी तिचे वय पंचविशीच्या आसपास होते आणि ती कोणत्याही शाळेत गेलेली नव्हती.

गोष्ट अशी आहे. सुलताना आपल्या खोलीत आरामखुर्चीवर पडून हिंदुस्थानातल्या बायकांच्या स्थितीचा विचार करीत असते. तेवढ्यात सारा नावाची एक मैत्रीण येते आणि म्हणते, चल, जरा फिरून येऊ. दोघी बाहेर पडतात. पाहतात तो भर दिवस, रस्त्यावर गर्दी, आणि गर्दीत पुरुष औषधालाही नाही! पडद्यात वाढलेली सुलताना लाजून चूर होते. रस्त्यावरच्या बाया तिच्याकडे पाहून हसतात. का हसतात म्हणून विचारावे तर कळते, त्या म्हणताहेत की ही बाई अगदी पुरुषांसारखी आहे. म्हणजे पुरुषांसारखी लाजरीबुजरी आणि भित्री!

मंडळी, हे आहे स्त्रीराज्य. नाथांच्या कथांतले मच्छिंद्रनाथांचे स्त्रीराज्य आपल्या पाथर्डी-मढीच्या मुलखात लहान पोरालाही ठाऊक आहे. परंतु हे राज्य निराळे. इथे जादू नाही, मंत्र नाही. इथे शाळा आहेत आणि प्रयोगशाळा आहेत. पुरुष घरात आहेत. जनानखाना असतो तसा इथे मर्दानखाना आहे. पुरुष मुले सांभाळतात, स्वयंपाक करतात. सुलताना विचारते, असे कसे? सारा उलट विचारते: वेड्यांच्या इस्पितळातून वेडे सुटले तर तुम्ही कोणाला कोंडाल, वेड्यांना की शहाण्यांना? सुलताना म्हणते, अर्थात वेड्यांना. मग सारा म्हणते, ज्यांच्यापासून उपद्रव होतो ते तुमच्याकडे मोकळे फिरतात आणि ज्या निरुपद्रवी त्या कोंडलेल्या, हा कुठला न्याय?

सुलताना म्हणते, पण पुरुष बळकट असतात ना! सारा म्हणते, सिंह माणसाहून बळकट असतो; म्हणून तो माणसावर राज्य करतो का?

मग सुलताना कामाचा मुद्दा काढते. घरचे सांभाळून बायका सरकारी कचेऱ्या कशा चालवतात? सारा सांगते, आम्ही रोज दोन तास काम करतो, तेवढ्यात सगळे उरकते. पुरुष कचेरीत सात तास बसत, पण चिरूट ओढत आणि कामाबद्दल नुसते बोलत. एक चिरूट ओढायला अर्धा तास, आणि दिवसाला बारा चिरूट, करा हिशेब! (समोरच्या बाजूच्या काही पालकांनी खाली मान घातलेली मला दिसते. घाबरू नका, ही एकशे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आता चिरूट राहिले नाहीत. चहाची टपरी आणि मोबाईल आहे.)

आता कॉलेजकडे वळू. त्या देशाच्या राणीला शास्त्राची फार आवड. तिने हुकूम काढला की राज्यातल्या प्रत्येक मुलीला शिक्षण मिळाले पाहिजे आणि एकवीस वर्षांच्या आत कोणत्याही मुलीचे लग्न होता कामा नये. विद्यार्थ्यांनो, हे लिहिले गेले १९०५ साली. आपल्याकडे १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवले, ते अठरा व्हायला १९७८ साल उजाडले. बेगम रुकय्यांची राणी आपल्या कायद्याच्या किती पुढे होती ते पाहा.

पुढे राजधानीत मुलींची दोन विद्यापीठे निघाली. पहिल्या विद्यापीठाने एक फुगा तयार केला. तो ढगांच्या वर तरंगत ठेवायचा आणि त्याला जोडलेल्या नळ्यांनी ढगातले पाणी हवे तेव्हा हवे तितके खाली घ्यायचे. ते पाहून दुसऱ्या विद्यापीठाच्या पोटात दुखू लागले. एका कॉलेजला बक्षीस मिळाले की दुसऱ्या कॉलेजच्या पोटात दुखते, हे कल्पनेतल्या देशातही चुकत नाही! त्यांनी सूर्याची उष्णता साठवण्याचे यंत्र शोधले. पुरुष मंडळी त्या वेळी सैन्य वाढवण्यात गुंतली होती. बायकांच्या या संशोधनाची त्यांनी यथेच्छ टिंगल केली.

मग एके दिवशी शेजारच्या देशातले काही लोक राजाश्रयासाठी पळून आले. तिकडच्या राजाने त्यांना परत मागितले. शरण आलेल्याला हाकलणार नाही, असे राणीने उत्तर दिले. युद्ध पेटले. सैन्य हरले, सोळा वर्षांची मुलेसुद्धा लढली, आणि शत्रू राजधानीपासून पंचवीस मैलांवर येऊन ठेपला. राणीने शहाण्या स्त्रियांची बैठक बोलावली. सर्वांनी माना खाली घातल्या. तेव्हा सूर्ययंत्र काढणाऱ्या विद्यापीठाच्या प्रिन्सिपॉल बाई उठल्या. त्या म्हणाल्या, आम्ही एकदा प्रयत्न करून पाहतो. मात्र आम्ही बाहेर पडण्यापूर्वी पुरुषांनी आत जावे, कारण आम्हाला पडदा पाळायचा आहे! दमलेले, जखमी पुरुष निमूटपणे आत गेले. बाई आपल्या दोन हजार विद्यार्थिनी घेऊन रणांगणावर गेल्या आणि त्यांनी सूर्याचे सारे किरण एकवटून शत्रूवर सोडले. शत्रू शस्त्रे टाकून पळाला. पुरुष आत गेले ते कायमचेच. काही दिवसांनी त्यांनी बाहेर सोडण्याचा अर्ज केला. राणीने कळवले, गरज लागली तर बोलावून घेऊ!

शेवटी सुलताना हवेत उडणाऱ्या गाडीतून फिरत असताना घसरते, आणि पाहते तो आपल्याच खोलीत, आपल्याच आरामखुर्चीत!

आता कोणी म्हणेल, ही तर पुरुषांची टवाळी झाली. पुरुषांना कोंडून ठेवणे हा न्याय आहे का? नाही. मुळीच नाही. आणि हा प्रश्न आपल्या मनात यावा यासाठीच ती गोष्ट लिहिली आहे. पुरुष कोंडलेला पाहून आपल्याला जे चुकीचे वाटते, ते बाई कोंडलेली पाहून इतकी वर्षे का वाटले नाही? हे सरळ सांगितले असते तर लोकांनी कान बंद केले असते. हसवून सांगितले म्हणून ते आत गेले. विनोदाचे काम हेच असते.

बेगम रुकय्यांचे पतीच या गोष्टीचे पहिले वाचक. ते डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते आणि दौऱ्यावर गेले होते. परत आल्यावर त्यांनी कागद हातात घेतले, खाली न बसता उभ्या उभ्या सगळे वाचून काढले, आणि बायकोने भयंकर सूड उगवला आहे असा शेरा दिला. पण तो शेरा कौतुकाचा होता. त्यांनीच पत्नीला लिहायला उत्तेजन दिले. त्याच्याही आधी, ती लहान असताना, तिच्या थोरल्या भावाने घरातले सगळे झोपल्यावर रात्री दिव्याच्या उजेडात तिला इंग्रजी आणि बंगाली शिकवले. त्या घरात मुलींना अरबी-फारसी चालत असे, पण इंग्रजी-बंगाली चालत नसे. म्हणजे पाहा, पुरुषांना घरात कोंडणारी ही गोष्ट दोन भल्या पुरुषांच्या मदतीमुळेच लिहिली गेली. एक भाऊ, एक नवरा. इथे बसलेल्या भावांनी आणि वडिलांनी हे ध्यानात ठेवावे.

मराठीतही अशी एक बाई होऊन गेली. काशीबाई कानिटकर, १८६१ ते १९४८. त्याही घरातच, विरोध सोसून लिहा-वाचायला शिकल्या. त्यांनी ‘पालखीचा गोंडा’ या १९२८ च्या कादंबरीत स्त्रीच्या हाती कारभार असलेल्या एका संस्थानाची कल्पना रंगवली. एक बंगालकडची, एक महाराष्ट्रातली. एक मुसलमान घरातली, एक ब्राह्मण घरातली. पण दोघींनी जवळजवळ एकच स्वप्न पाहिले. घराच्या भिंती वेगळ्या होत्या, खिडकीतून दिसणारे आभाळ एकच होते.

आता आपण म्हणाल, बंगालच्या गोष्टीचा नगरशी काय संबंध? माझे म्हणणे असे की ही गोष्ट नगरच्या माणसाला जितकी कळेल तितकी इतर कोणाला कळणार नाही. आपल्या जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर आहे. ज्या अहिल्याबाईंचे नाव दिले त्यांचा जन्म १७२५ साली आपल्याच जामखेड तालुक्यातील चौंडीचा. मेंढपाळ समाजातल्या या मुलीने पुढे माळव्याचा कारभार असा केला की आजही लोक नाव काढतात. आणि नगरच्या किल्ल्याचे नाव घेतले की चांदबीबी आठवते. १५९५-९६ साली शाहजादा मुरादच्या मोगल फौजेने वेढा घातला, सुरुंगाने तट फोडला, तेव्हा ती स्वतः तलवार घेऊन खिंडारावर उभी राहिली आणि रातोरात तट पुन्हा उभा केला. गोळे संपल्यावर तिने तोफांतून नाणी डागली अशी आख्यायिका आहे. तिच्या नावाने आपण ज्या डोंगरावर सहलीला जातो तो ‘चांदबीबी महाल’ खरे तर सलाबतखानाची कबर आहे. लोकांना तिच्या नावाचे काहीतरी उंचावर असावे असे वाटले असेल. म्हणजे बाईने राज्य करणे ही आपल्या जिल्ह्यात कल्पना नाही, इतिहास आहे.

तसेच शाळेचे. मिस सिंथिया फॅरार या अमेरिकन मिशनच्या बाई १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवीत होत्या. त्या शाळा पाहून महात्मा फुले प्रभावित झाले आणि १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे नगरला फॅरारबाईंकडे घेतले असे त्यांचे चरित्रकार सांगतात. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात फातिमाचा जिव्हाळ्याने उल्लेख येतो. ही सगळी वाट आपल्या गावावरून गेली आहे.

आणि सूर्ययंत्र? विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनो, तुम्हाला वाटेल की ही निव्वळ थाप आहे. आपल्याच जिल्ह्यात, शिर्डीच्या प्रसादालयासाठी, २००९ साली सूर्याच्या उष्णतेवर वाफ तयार करून अन्न शिजवण्याची यंत्रणा बसवण्यात आली. ७३ अंतर्गोल तबकड्या सूर्याचे किरण एका ठिकाणी एकवटतात, तिथे पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेवर हजारो माणसांचा स्वयंपाक होतो. सुलतानाच्या स्वप्नातल्या स्वयंपाकघरातही कोळसा नाही, धूर नाही. सूर्याच्या उष्णतेवरच अन्न शिजते. एका पडद्यातल्या बाईने जे आरामखुर्चीत पाहिले, ते शंभर-सव्वाशे वर्षांनी आपल्या जिल्ह्यात यावे, याला मी थाप म्हणायला तयार नाही. ढगातून पाणी ओढणाऱ्या नळ्या मात्र अजून कोणी केल्या नाहीत. पण पर्जन्यछायेतल्या आपल्या हिवरे बाजारने आणि राळेगणसिद्धीने बंधारे घालून, माती अडवून, पडलेला थेंब जमिनीत जिरवून दाखवला. पाण्याचे स्वप्न आधी कोणीतरी पाहावे लागते, मग हाताला काम सुचते.

विजापूरची प्रसिद्ध ‘मलिक-ए-मैदान’ तोफ १५४९ साली आपल्या नगरलाच ओतली गेली. रणगाड्यांचे संग्रहालयही आपल्याकडेच आहे. तोफांचे गाव आपले. तरी बेगम रुकय्यांची प्रिन्सिपॉल बाई तोफेवाचून लढाई जिंकते. तिची फौज म्हणजे तिची शाळा. हे मला त्या गोष्टीत सर्वांत मोठे वाटते.

कोणी म्हणेल, हसण्याच्या गोष्टी मोठ्या माणसांना शोभत नाहीत. मौलाना अबुल कलाम आझाद १९४२ ते १९४५ या काळात याच नगरच्या किल्ल्यात कैदेत होते. तिथे त्यांनी ‘गुबार-ए-खातिर’ मधली पत्रे लिहिली. त्यात त्यांच्या खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांवर एक खुसखुशीत कहाणी आहे. चिमण्यांशी त्यांची आधी लढाई झाली, मग दोस्ती. त्यांनी चिमण्यांना माणसांसारखी नावे दिली, कोणाला मुल्ला, कोणाला सूफी. याच कैदेत असताना, १९४३ साली, तिकडे कलकत्त्यात त्यांच्या पत्नीचे निधन झाले आणि त्यांना शेवटची भेटही घेता आली नाही. तेही त्या पत्रांत आहे. एवढे दुःख सोसलेला, पुढे देशाचा पहिला शिक्षणमंत्री झालेला माणूस चिमण्यांवर हसू शकतो, तर आपली मुले गोष्ट वाचून हसली तर काय बिघडले?

आता मूळ मुद्द्यावर येतो. बेगम रुकय्या स्वप्न पाहून थांबल्या नाहीत. १९०९ साली पती वारले. मुलींच्या शाळेसाठी त्यांनी दहा हजार रुपये बाजूला ठेवले होते. त्या पैशावर त्यांनी भागलपूरला पाच मुली घेऊन शाळा काढली. तिथे निभाव लागला नाही, म्हणून कलकत्त्याला जाऊन १९११ साली आठ मुलींवर पुन्हा सुरुवात केली. घरोघर जाऊन पालकांना विनवले. त्यांच्या शाळेच्या बसची हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. मुलींना पडदा हवा म्हणून मोटार चहूबाजूंनी बंद केली. आत इतका अंधार आणि उकाडा की मुली घाबरून, गुदमरून बेजार झाल्या. म्हणून झडपा काढून कापडी पडदे लावले. तर पडदे वाऱ्याने उडतात आणि मुली दिसतात, अशी रागाची पत्रे येऊ लागली. बस बंद ठेवली तर मुली गुदमरणार, उघडी ठेवली तर लोक गुदमरणार! हे लिहितानाही बाईंनी विनोद सोडला नाही. स्वप्नातल्या राणीला हवेत उडणारी गाडी मिळाली. खऱ्या हेडमास्तरीण बाईंचे आयुष्य बसच्या पडद्यांत गेले. १९३२ साली, ९ डिसेंबरला त्या वारल्या. त्यांची शाळा मात्र टिकली.

शेवटी थोडे घरचे सांगतो आणि थांबतो. मला एक थोरली बहीण आहे. आम्ही तिला आपा म्हणतो. नेवासे तालुक्यातल्या एका लहान गावात आमचे बालपण गेले. गावात चौथीपर्यंत शाळा होती. पुढची शाळा दोन कोसांवर. आपा हिशेबात माझ्यापेक्षा, वर्गापेक्षा, आणि खरे सांगायचे तर मास्तरांपेक्षाही हुशार होती. चौथीनंतर तिचे दप्तर खुंटीला टांगले गेले. मी मात्र दोन कोस चालत गेलो, आणि पुढे कॉलेजातही गेलो. माझ्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी आपाचे चांदीचे तोडे मोडले. तिने स्वतः काढून दिले. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटले नाही. आज वाटते.

मागच्या वर्षी मी तिच्या घरी गेलो होतो. ती मेथी निवडत बसली होती. मी तिला ही गोष्ट मराठीत वाचून दाखवली. एक चिरूट अर्ध्या तासाचा आणि दिवसाला बारा, एवढे मी वाचले मात्र, मान वर न करता ती म्हणाली, “सहा घंटे.” मी पुढचे वाक्य वाचण्याआधी तिचा हिशेब झाला होता. ऐंशीला टेकलेली माझी बहीण, चौथी पास. प्रिन्सिपॉल बाई पुरुषांना आत जायला सांगतात तिथे तर तिला हसू आवरेना. डोळे पुसत म्हणाली, “क्या बाई थी रे!” मग बराच वेळ काही बोलली नाही. नंतर तिने विचारले, “अरे, त्या दोन हजार पोरी कॉलेजात जायच्या कशा? त्यांच्या गावावरून गाडी होती का?”

मला उत्तर देता आले नाही. गोष्टीत ते लिहिलेले नाही.

बंधू-भगिनींनो, आमच्या आपाचे शिक्षण कोणा दुष्ट माणसाने थांबवले नाही. अब्बांचा तिच्यावर फार जीव होता. तिचे शिक्षण दोन कोसांच्या रस्त्याने थांबवले. रस्ता एकटीचा होता आणि अब्बांना काळजी होती. आजही आपल्या शाळेतल्या अनेक मुली दहावीला चांगले गुण मिळवतात आणि जूनमध्ये दिसेनाशा होतात. विचारले तर पालक सांगतात, सर, लांब पडते. सर, एकटी कशी पाठवू. ही काळजी खरी आहे, मी तिला हसत नाही. पण काळजीवर इलाज दप्तर खुंटीला टांगणे हा नाही. चार-पाच घरांनी मिळून एक रिक्षा ठरवता येते. एका गावच्या मुलींनी एकत्र जाता-येता येते. भाऊ मोटारसायकलवरून चौकात जाऊन बसतो, तो बहिणीला एस.टी. स्टँडवर सोडू शकतो. संस्थेने मुलींच्या गाडीचा विचार करावा, अशी माझी पदाधिकाऱ्यांना नम्र विनंती आहे. आणि जे देऊ शकतात त्यांनी त्यासाठी हात सैल सोडावा. पालकांना माझे एवढेच मागणे आहे की, मुलीला घरी बसवण्याचा निर्णय घेण्यापूर्वी एकदा शाळेत या. शिक्षकांशी बोला. काहीतरी वाट निघते.

मुलांनो, तुम्हाला एकच सांगतो. ज्या बहिणीने तुमचा डबा भरला, तिचा हिशेब तुमच्यापेक्षा पक्का असू शकतो. तिला एकदा तुमचे गणित सोडवायला देऊन पाहा.

आणि मुलींनो, गोष्टीची पुस्तके वाचा. खूप वाचा, खळखळून हसा. कोणी विचारले की काय फुकट वेळ घालवतेस, तर सांगा की एका बाईने आरामखुर्चीत बसून एक कॉलेज पाहिले होते, आणि चार वर्षांनी पाच मुली घेऊन खरी शाळा काढली. तुमच्यापैकी कोणी उद्या प्रिन्सिपॉल झाली, सूर्याचे यंत्र केले, तर या म्हाताऱ्या मास्तराला बोलवा. मी पुरुष आहे, तेव्हा मला आत बसायला सांगितले तरी चालेल. मी आपाला बरोबर घेऊन येईन. ती पुढच्या रांगेत बसेल.